कानांची प्रतवारी

निवृत्त झालो आणि वर्षभरातच माझ्या लक्षात आलं, की बायको चिडकी झाली आहे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्यातली बहुतेक वर्षं ती हळू बोलणारी बाई म्हणून गल्लीत ओळखली जायची. आता मात्र साधं 'जेवायला चला' म्हणायचं, तर ती अशी म्हणायची की शेजाऱ्यांनीही ताटं वाढून घ्यावीत. हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलीच्या कानावर मी हे घातलं. ती जरा थांबून म्हणाली, "बाबा, तुम्ही आता दिवसभर घरात असता ना, होतं तसं." मला ते पटलं. घरी बसलेला नवरा डोळ्यांत खुपतो, हे मी इतरांच्या घरात पाहिलेलं होतं.

सेलूच्या कापूस बाजारात मी तीस वर्षं ग्रेडर होतो, म्हणजे आलेल्या कापसाची प्रत ठरवणारा. गाडी समोर उभी राहिली की वरचा पांढराशुभ्र कापूस बघायचाच नाही, हा आमचा पहिला धडा. कोपरापर्यंत हात आत घालायचा, ढिगाच्या पोटातला मूठभर कापूस बाहेर काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि धागा किती लांब निघतो ते बघायचं. ओल बोटांना कळते, कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, डोळ्यांना दिसते. मी दिलेली प्रत सहसा कुणी बदलली नाही. त्यामुळे आपल्याला पारख आहे असा एक माज माझ्या अंगात मुरला होता, आणि तो निवृत्तीच्या दिवशी बाकीच्या सामानाबरोबर जमा करायचा राहून गेला.

पारखीचं दुसरं ठिकाण म्हणजे कान. माझं गाव राणीसावरगाव. तिथल्या शिवभजनाच्या मंडळात मी तरुणपणी पेटी वाजवायचो. कुणाचा सूर कुठं घसरला हे मला डोळे मिटून सांगता यायचं, आणि मी न विचारता सांगायचोही. त्या भजनांच्या चाळीस कॅसेटी माझ्याकडे आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांतली एक टेपरेकॉर्डरमध्ये गुंडाळली गेली आणि मी मुलीला फोन केला. तिनं लगेच एक भारी हेडफोन पाठवला आणि फर्मान काढलं, "सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मलाही ऐकायच्या आहेत."

अडचण जागेची होती. देवघराशेजारच्या कोनाड्यात टेपरेकॉर्डर असतो. त्याच्या बाजूला जेमतेम एक छोटी पेटी मावेल एवढीच जागा. मी वीत लावून मोजली आणि बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ पूर्वी बसस्टँडजवळ टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याच्यावर माझा विश्वास होता.

"वीतभर लांब, वीतभर रुंद," मी म्हणालो. "एवढ्यात बसंल असा कॉम्प्युटर पाहिजे."

"बसंल की," तो म्हणाला. "वीतभराचाच मदरबोर्ड येतो. पण काका, एक गोष्ट हाय. मोठ्या बोर्डाला आवाजाचं वेगळं कार्ड लावता येतं. तुमच्या पेटीत त्याला जागाच न्हाई. बोर्डावर जो आवाज असंल, तोच जन्मभर ऐकावा लागंल. म्हणून आधी ऐका, मग घ्या. माझ्याकडं एक बोर्ड हाय, दुसरा परभणीवरून मागवतो. दोन्ही टेबलावर चालू करून दाखवतो. काकूंलाही आणा."

काकूला कशाला, असं मला वाटलं. पण तिला सुतळी आणि फिनेल आणायचंच होतं, म्हणून चार दिवसांनी आम्ही दोघंही स्कूटरवरून गेलो.

टेबलावर दोन बोर्ड उघडे मांडले होते. पहिल्याचा थाट बघण्यासारखा. खोक्यावर उडणाऱ्या सुरांचं चित्र, आवाजाच्या वायरी लावायची भोकं सोनेरी, आणि आवाजाच्या चिपभोवती पिवळ्या रंगाची नागमोडी रेघ. दुसरा अगदी साधा, मळक्या हिरव्या रंगाचा, सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा.

"ही रेघ कशाची?" मी विचारलं.

दुकानदारानं साधा बोर्ड उचलून ट्यूबलाइटसमोर धरला. आवाजाच्या कोपऱ्याभोवती उजेडाची एक बारीक रेघ आरपार दिसली. "हितं आतलं तांबं मुद्दाम तोडलंय. छोट्या बोर्डात सगळे एकमेकाच्या उरावर बसलेले असतात. पंख्याचा करंट, वायफाय, माउस, सगळ्यांची खरखर आवाजात घुसती. शेजारच्या वावरातलं पाणी आपल्यात येऊ नये म्हणून आपण बांध घालतो, तसा हा बांध." मग त्यानं सोनेरी बोर्ड उजेडाकडे धरला. पिवळी रेघ होती, पण तिच्यातून काहीच दिसेना. "ह्यानं नुसता रंग मारलाय."

म्हणजे वरचा कापूस आणि आतला कापूस! मला तो माणूस फारच आवडला. मी बायकोकडे बघून मान डोलावली, पण ती दाराजवळच्या स्टुलावर बसून फिनेलच्या बाटलीवरची तारीख वाचत होती.

"पण डोळ्यांवर भरोसा नको," दुकानदार म्हणाला. "गाणं न लावता आवाज पूर्ण मोठा करायचा आणि नुसतं ऐकायचं. गाण्यात सगळं झाकून जातं. बोर्ड कसा हाय ते शांततेत कळतं."

मी मुलीनं पाठवलेला हेडफोन पिशवीतून काढला, कानांवर चढवला आणि डोळे मिटले. आधी सोनेरी बोर्ड. दुकानदार माउस फिरवत होता, फायली उघडत होता. चिडीचूप. मग साधा बोर्ड. तोही चिडीचूप. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. दहा मिनिटं मी कापसाच्या ढिगात हात घातल्यासारखा त्या शांततेत चाचपत होतो.

"दोन्ही सारखे," मी निकाल दिला. "तुमच्या त्या बांधाचा काही उपयोग दिसत नाही. सोनेरीच द्या. दिसायला बरा आहे."

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकदा काकूंला ऐकवू."

बायकोनं पदर सावरून हेडफोन लावला आणि दुसऱ्याच क्षणाला तो कानांवरून उचलला. "अगं बाई! हे रातकिडे कशाचे ओरडायलेत?"

"कुठले रातकिडे?"

"किर्रर्र करायलंय की. त्यांनी माउस हलवला की आणखी जोरात." दुकानदारानं वायर साध्या बोर्डाला लावली. तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा सैल पडला. "हे बरं हाय. हितं कुणीच न्हाई."

मी हेडफोन हिसकावल्यासारखा परत घेतला आणि सोनेरी बोर्ड पुन्हा ऐकला. शपथेवर सांगतो, एक रातकिडा नव्हता. "काहीतरीच तुझं," मी म्हणालो.

दुकानदारानं मध्यस्थी केली. साध्या बोर्डाला त्यानं स्पीकर लावला. "एक शिट्टी लावतो. हळूहळू बारीक होत जाईल. ऐकू येईल तवर हात वर ठेवायचा." आम्ही दोघांनी हात वर केले. झेरॉक्स काढायला आलेल्या एका गुरुजींनीही गंमत म्हणून केला. शिट्टी चढत गेली, बारीक झाली आणि संपली. मी हात खाली घेतला. बघतो तर बायकोचा हात वर, दुकानदाराचा वर, गुरुजींचाही वर. तिघं छताकडे बघत उभे. मला वाटलं, सगळे मिळून माझी फिरकी घेतायत. कितीतरी वेळानं एकेक हात खाली आला, बायकोचा सगळ्यात शेवटी.

"जिनिंगमधी लय वर्षं काढली न काका तुमी," दुकानदार हळुवारपणे म्हणाला. "त्या मशिनींचा आवाज..." पुढचं त्यानं सोडून दिलं.

बाजारात मी ज्या ओट्यावर उभा राहायचो त्याच्या पाठीमागेच जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायची, मशीनं होती. हंगामात सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्यांचा घर्रर्र चालायचा. आम्ही एकमेकांशी खुणांनीच बोलायचो. पण त्याचा माझ्या कानांशी काही संबंध असेल, हे मी कशाला ऐकून घेतो! "तर मग सोनेरीच द्या," मी तावातावानं म्हणालो. "मला ऐकूच येत नाही म्हणता ना, मग रातकिड्यांनी माझं काय घोडं मारलंय?"

"कॅसेटी काय तुमच्या एकट्याच्या हायत का?" बायकोनं आवाज चढवला. "पोरगी ऐकणार हाय. तिनं काय रातकिड्यांचं भजन ऐकायचं? तो साधाच बांधून द्या हो भाऊ."

साधा बोर्ड घेतला. परतताना मागच्या सीटवरून ती मोठ्या आवाजात काहीतरी सांगत होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं. नंतर कळलं, सुतळी दुकानातच राहिली होती.

आठवड्याभरानं दुकानदारानं पेटी तयार करून कोनाड्यात बसवून दिली. हिरवं भोक हेडफोनचं, निळं टेपरेकॉर्डरच्या वायरचं आणि गुलाबी माइकचं. "आत जाणाऱ्या आवाजाचीही परीक्षा घ्या," तो जाताना म्हणाला. "माइक लावून घरातलं साधं काहीतरी अर्धा तास रेकॉर्ड करा आणि मग निवांत ऐका. काही खरखर असंल तर बोर्ड बदलून देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माइक लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेलो. गिरणीवर नंबर होता. परत आलो, चहा घेतला, मग रेकॉर्डिंग थांबवून हेडफोन चढवला आणि आवाज पूर्ण मोठा केला.

पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ दिसत होती. बराच वेळ ती जमिनीला टेकलेली, फक्त मधूनमधून बारीक लाटा. आणि शेवटी तीन-चार उभे डोंगर, पार वरच्या काठाला धडकलेले. आधी मी डोंगर ऐकले. "आलात का?" "पीठ कुठं ठेवलं?" "चहा ठेवू का?" सगळं बायकोचं, सगळं माझ्याशी. मला जरा हसू आलं. आता पुरावाच मिळाला होता, मुलीला पाठवावा म्हटलं.

मग मी मागे जाऊन त्या बारीक लाटा ऐकल्या.

तोही बायकोचाच आवाज होता, पण दोन-तीन वर्षांत मी न ऐकलेला. मऊ, जरा खालच्या पट्टीतला, वाक्याच्या शेवटी किंचित हसणारा. लग्नानंतर मी ज्याच्यावर भाळलो तो हाच. मला वाटलं होतं, वयानं तो गेला. ती फोनवर मुलीशी बोलत होती.

"न्हाई गं, नको सांगू त्यांला... दुकानात हात खाली घेतला तवाचं तोंड तू बघायला पाहिजे होतं. लय वाईट वाटलं मला... हो, कळतंय की, कधीचं कळतंय. म्हणून तर ओरडून बोलते... त्यांला वाटतं मी कावते. वाटू दे. कावणारी बायको चालती त्यांला. बहिरं म्हणलेलं न्हाई चालायचं. आयुष्यभर पारखी म्हणून जगलेला माणूस हाय तो."

मध्ये थोडी शांतता होती. त्या शांततेत एकही रातकिडा नव्हता, निदान माझ्यासाठी तरी. मग ती म्हणाली, "घसा दुखतो कधीकधी. पण तू तुझी काळजी घे."

मी ते तीनदा ऐकलं. तीस वर्षं मी लोकांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि घरातला कापूस वरवर बघून त्याला खालची प्रत देऊन मोकळा झालो. मला माझी इतकी लाज वाटली की हेडफोन काढायचंच सुचेना.

शेवटी उठून स्वयंपाकघरात गेलो. ती डब्यात पीठ भरत होती. मला बघून तिनं नेहमीसारखा श्वास भरून घेतला. आता मोठ्यानं बोलणार, त्याची ती तयारी होती. हेही मी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"हळू बोल," मी म्हणालो.

"काय?" ती जोरात म्हणाली.

"तुझ्या आवाजात बोल. ऐकू नाही आलं तर मी जवळ येईन."

तिनं दारातून कोनाड्याकडे बघितलं. माइक अजून तसाच होता. तिच्या लक्षात आलं आणि पिठाचा हात तसाच हवेत राहिला. मग तिनं मान खाली घातली आणि काहीतरी बोलली. ओठ हललेले दिसले, शब्द आले नाहीत.

"परत," मी एक पाऊल पुढे गेलो.

ती परत बोलली. मला फक्त 'साखर' ऐकू आलं. आणखी जवळ गेलो आणि तिच्या तोंडाशी कान नेला. पिठाचा वास आला. ती आता हसत होती.

"साखर संपलीय, म्हणलं," ती हळूच म्हणाली. "आणि उद्या परभणीला जाऊ. कानाच्या डॉक्टरकडं."

"जाऊ," मी म्हणालो, आणि कान तसाच ठेवून म्हणालो, "अजून काहीतरी बोल."