दुसरा हात
स्पिरिटचा वास आला, की सत्तरच्या दशकातली सोलापूरच्या दवाखान्यातली ती उकाड्याची दुपार आठवते. मी प्रयोगशाळेचं काम शिकत होते. रक्त काढायचा सराव आम्ही मुलींनी एकमेकींवरच केलेला. त्या दिवशी एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, आणि तिच्या आईचं रक्त जुळतं का ते तातडीने पाहायचं होतं. आम्हाला शिकवणारे सर आत डॉक्टरांजवळ अडकलेले. आई सांगोल्याकडची, मेंढरं राखणारी. रापलेल्या हातावर शीर दिसेना. रबरी नळी बांधून, चाचपून सुई टोचली, पण रक्त आलंच नाही. आतून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. "सरांना बोलावते," मी कशीबशी म्हणाले. "सर कशाला? ह्यो दुसरा हात हाय की," ती म्हणाली, "बिगी बिगी कर पोरी, माजी ल्येक थांबायची न्हाय." मी उकळलेली दुसरी सुई घेतली, पुन्हा चाचपलं, आणि काचेच्या सिरिंजमध्ये काळपट रक्त चढलं. जुळल्याचं सांगायला धावत गेले, तर ती बाही वर सारून दाराशीच उभी. "लागंल तेवढं काडा," म्हणाली. लेक वाचली. आता मी निवृत्त आहे, तरी एसटीत समोर कुणी दांडी धरली, की माझी नजर आधी त्याच्या हातावरची शीर शोधते.