न सारवायचं टोपलं

जुनं टोपलं हातात आलं की माय आधी ते उन्हाकडे धरायची, एक डोळा मिटायची आणि आतून बघायची. कुठून कुठून ऊन येतंय हे पाहून झालं की म्हणायची, "जीव हाये अजून." टोपल्याची पार चाळणी झालेली असली तरी हेच. आणणाऱ्या बाईचा चेहरा मात्र उजळायचा.

सत्तरच्या दशकात मी सानगडीला मुलींना शिकवायला गेले, तेव्हा माझी खोली तिच्या अंगणाला लागून होती. सगळं गाव तिला माय म्हणायचं, मीही म्हणू लागले. टोपल्या विणणारे बुरड वेगळे, माय विणत नसे. ती जुन्या सुपा-टोपल्यांना पुन्हा रूप द्यायची. उसवलेला काठ बांबूच्या नव्या कामटीने बांधायची, भिजवलेली रद्दी आणि मेथ्या वाटून त्यांचा लगदा आतबाहेर चोपडायची, आणि तो वाळला की वरून गेरू.

रद्दी माझ्याकडची. चाचणीचे पेपर तपासून झाले की ही दारात हजर. शाईनं लगदा निळा पडतो, ही तिची कायमची तक्रार. "जिले काहीच येत नाही ना बाई, तिचे पेपर दे. कोरे रायतात." माझ्या वर्गातल्या ढ मुलींची एवढी कदर दुसऱ्या कुणी केली नाही. आमची चुकलेली गणितं गावातल्या कितीतरी सुपांना लागली होती आणि त्या सुपांत तांदूळ अगदी नीट पाखडला जात होता.

तुम्ही तिच्या ओसरीवर टेकला असतात तर तुमचंही लक्ष खुंटीकडे गेलंच असतं. तिथे एक टोपलं टांगलेलं असे. काळंकुट्ट, एका अंगानं उसवलेलं, काठाला तांब्याची तार गुंडाळलेली. साऱ्या गावाची टोपली नवी करणारी बाई घरातलंच असं कसं ठेवते, म्हणून मी एकदा विचारलं.

"ते नाही," माय म्हणाली. "ते माह्या पोराचं हाये."

पुढचं मला तिच्या सुनेनं, कौतिकानं, विहिरीवर सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चैत्रात पहाटे तो मोहफुलं वेचायला जंगलात गेला. टोपलं एका झाडाखाली सापडलं, अर्धं भरलेलं. तो सापडला नाही. जंगलखात्याचा नाकेदार म्हणाला, वाघानं नेला. पण हाड नाही, कपड्याची चिंधी नाही. कुणी म्हणालं, नागपूरकडच्या वीटभट्टीवर दिसला होता. मायनं दोन्ही ऐकून घेतलं आणि टोपलं तो टाकून गेला तसंच खुंटीला लावलं. चैत्रभर ती फाटकाला कडी घालत नसे.

"घराची कौलं बदलली, मी बुढी झाली," ती मला म्हणाली होती. "टोपलं तं ओळखन ना तो. तार त्यानंच बांधली."

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर माय लाखनीला भावाकडे गेली होती. कौतिकानं घर सारवलं, सुपं सारवली आणि त्याच हातानं ते टोपलंही सारवलं. तार काढून टाकली, लगदा चोपडला, गेरू दिला. माय परतली तेव्हा ते ओसरीवर लालचुटूक होऊन वाळत होतं.

मी भांडणाच्या भीतीनं धावत गेले. भांडण झालंच नाही. माय टोपल्यापुढे बसली होती आणि कौतिका खांबाला टेकून रडत होती.

"मले रोज वाटते आत्या, आता तो येईन अन् खुंटीवरून काढन. रोज! मले विसराचं होतं."

"विसर ना, बाई," माय म्हणाली. "तुले कोण नाही म्हनते? पन तो आला तं त्यानं काय पायाचं?"

तिनं टोपलं भिजवून लगदा खरवडला. लगद्याबरोबर मोहाच्या चिकाचा इतक्या वर्षांचा काळेपणाही निघाला आणि खालच्या कामट्या पिवळ्याधमक दिसू लागल्या. "हे तं कोनाचंबी दिसून राहिलं," ती पुटपुटली.

मग तिचा हात उलटा चालू लागला. सुकी मोहफुलं उकळून त्या पाण्यात ती टोपलं बुडवायची, चुलीवर धुरात टांगायची, थंडीत दवात ठेवायची. कौतिकानं उकिरड्यातून तार हुडकून आणली, ती पुन्हा काठाला गुंडाळली. रोज सकाळी माय टोपलं उन्हाकडे धरी, पण "जीव हाये" म्हणत नसे. मला त्या टोपल्याची भीती वाटू लागली होती. मोहाच्या दिवसांत रस्त्यावर पाऊल वाजलं की मीही फाटकाकडे बघायची.

एकदा तिनं ते माझ्यासमोर धरलं. "बाई, तू रोज पायत होती. असंच होतं ना?"

"अगदी असंच," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग टोपल्याकडे. "नाही," ती म्हणाली. "थोडं रायलं."

ते राहिलंच. माझी बदली लाखनीला झाली आणि पुढच्या पावसाळ्यात माय गेल्याचं कळलं. मला फार रडू आलं. तिच्यासाठी बाजूला ठेवलेले कोरे पेपर तसेच कपाटात पडून होते.

काही वर्षांनी चैत्रातच सानगडीला जाणं झालं. मायचं फाटक सताड उघडं होतं. वाटलं, कौतिका माहेरी निघून गेली असेल, घर ओस पडलं असेल. पण अंगणात मोहाच्या उकळत्या पाण्याचा तो आंबूस वास होता.

कौतिका पाठमोरी उभी होती. केस पिकायला लागलेले, हात कोपरापर्यंत काळे. तिनं टोपलं उन्हाकडे धरलं होतं आणि एक डोळा मिटून ती आतून बघत होती.

मी हाक मारली. ती वळली, ओळखीचं हसली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "थोडं रायलं, बाई."