बापटकाकांनी माऊस सोडला

पुढे लिहिलेलं सगळं खरं आहे. अगदी शपथेवर. शपथ कुणाची, ते मात्र सांगत नाही, कारण कसब्यात राहून खोटी शपथ घेतली तर दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाताना त्याच देवाला तोंड दाखवावं लागतं. म्हणजे बघा, निदान बारा आणे तरी खरं आहे. उरलेल्या चार आण्यांत मी थोडी फोडणी घातली असेल, पण तेवढं स्वयंपाक करणाऱ्याला माफ असतं.

दोष आमच्या धंद्याचा आहे. कसबा पेठेत, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानावर, आमचा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि पाहुणे आल्यावरच लावायचा एसी. लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंग, निवृत्तीचे सत्कार, सगळं आम्ही कापतो आणि जोडतो. जोडून झालं की कॉम्प्युटर त्याची फिल्म तयार करायला घेतो. त्याला रेंडर म्हणतात. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत राहते आणि ती टोकाला पोहोचेपर्यंत माणसाला गप्पा मारण्यापलीकडे काही काम नसतं. वीस वर्षं मी त्या पट्टीसमोर बसलोय. किस्से साठणार नाहीत तर काय होईल?

यातले बरेचसे बापटकाकांचे.

*

बापटकाका आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. दोन व्हीसीआर शेजारी शेजारी ठेवायचे, एकावर प्ले आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड दाबायचं, आणि असं लग्न एडिट करायचं, त्या काळापासूनचा माणूस. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी माऊस हातात घेतला तो सोडलाच नाही. साधा एक कट मारायचा तरी माऊस वर मेनूपर्यंत न्यायचा, यादी उघडायची, चष्मा सारखा करायचा, यादी वाचायची, हवं ते सापडलं की "हां" म्हणायचं आणि मग क्लिक. तेवढ्या वेळात खालच्या दुकानात एखादी बाई घासाघीस करून पातेलं घेऊन जायची.

मग स्नेहल आली. यवतमाळची, वय सव्वीस. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसली, माऊस उचलला, वायर गुंडाळली आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. दोन्ही हात कीबोर्डवर. एक की दाबली की क्लिप कापली जातेय, दुसरी दाबली की मधली जागा भरून निघतेय. काकांचा चहा निवायच्या आत तिने एक अख्खी हळद कापून संपवली.

काका बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "बाळ, पेटीच्या किती परीक्षा दिल्यास?"

"पेटी नाही जी काकाजी. शॉर्टकट आहेत हे."

"असं होय. मला वाटलं, आता नांदी म्हणतेस की काय."

*

काकांवर शॉर्टकट शिकायची वेळ आली ती मुग्धामुळे. मुग्धा ही त्यांची एकुलती एक लेक. तिचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला, आणि काकांनी स्टुडिओत जाहीर केलं की फिल्म ते स्वतः एडिट करणार. तीही सेम-डे एडिट. म्हणजे सकाळी लग्न लागायचं आणि संध्याकाळी रिसेप्शनला त्याच लग्नाची चार मिनिटांची फिल्म पडद्यावर दाखवायची.

"अहो काका, तुम्ही मुलीचे वडील," मी म्हणालो. "तुम्हाला त्या दिवशी श्वास घ्यायला वेळ नसतो."

"मंगेश, आयुष्यभर लोकांच्या मुलींची लग्नं मी एडिट केली. माझ्या मुलीचं तू करणार? तू?"

यात अपमान होता, पण मुद्दाही होता, म्हणून मी निळ्या पट्टीकडे बघत बसलो. स्नेहल मात्र मनात गणित करत होती. चार मिनिटांच्या फिल्मला काकांना तीन दिवस लागायचे.

"काकाजी," ती म्हणाली, "तुमच्या स्पीडनं हे फिल्म बारशाले दाखवा लागते."

काका रागावले नाहीत. त्यांनी स्वतःचा माऊस काढला, वायर तिच्यासारखीच गुंडाळायचा प्रयत्न केला, ती जमली नाही, तशीच ड्रॉवरमध्ये कोंबली आणि म्हणाले, "शिकव."

हातात तीन महिने होते.

*

पहिला धडा जे, के आणि एल. शेजारशेजारच्या तीन कीज. जे दाबला की व्हिडिओ उलटा चालतो, के दाबला की थांबतो, एल दाबला की पुढे जातो. एल दोनदा दाबला तर दुप्पट वेगाने, तीनदा दाबला तर आणखी सुसाट. काकांनी हे वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली आणि स्टुडिओतला एक जुना कीबोर्ड पिशवीत घालून घरी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काकूंचा फोन. "मंगेश, ह्यांना स्टुडिओत काही झालं का?"

"का हो?"

"काल रात्रीपासून जेवणाच्या टेबलावर तो कीबोर्ड घेऊन बसलेत. तोंडाने 'जे के एल, जे के एल' चाललंय. वायर खाली लोंबतेय, तिच्या दुसऱ्या टोकाला काही नाही."

मी समजावलं, "काकू, ते सरावाला बसतात. समोर कॉम्प्युटर आहे असं समजून."

काकू म्हणाल्या, "हरकत नाही. आज मीही पोळ्या झाल्यात असं समजून बसते."

त्या दिवशी काका डबा न घेता आले.

*

शिकणाऱ्या माणसाकडून चुका होतात. पण काकांसारखी चूक करायला दोन विद्या अर्धवट यायला लागतात.

फिल्मच्या सुरुवातीला नावं मराठीत टाइप करायची असतात. त्यासाठी कीबोर्ड मराठीवर न्यायचा आणि काम झालं की आठवणीने परत इंग्रजीवर आणायचा. काकांनी एका लग्नाचं 'शुभविवाह' टाइप केलं आणि कीबोर्ड परत आणायला विसरले. नावाची चौकटही उघडीच. मग आपलं नावडतं काम संपल्याच्या आनंदात त्यांनी जे, के, एल दाबायला सुरुवात केली. आमच्या मराठी कीबोर्डवर जे म्हणजे र, के म्हणजे क आणि एल म्हणजे त. काकांची नजर पडद्यावर नव्हती. नवशिक्याप्रमाणे बोटांवर होती.

फिल्म तशीच रेंडर झाली, तशीच पेनड्राइव्हवर गेली. चार दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. आवाज अत्यंत नम्र.

"फिल्म फार सुंदर झालीये. एकच विचारायचं होतं. सुरुवातीला 'शुभविवाह रकत' असं येतं. हे रकत कोण?"

काकांनी फोन घेतला. चष्मा काढला. पुसला.

"तुमच्याकडचे नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. आम्हाला वाटलं मुलाकडचे असतील. मुलाकडचे म्हणतात तुमच्याकडचे."

"काढून टाकतो," काका म्हणाले. "जेवून गेले असतील तर असू द्या."

*

काका शिकत होते, पण शिकवलंही त्यांनीच, आणि तेही स्नेहलला.

खडकीहून एक गृहस्थ आले. दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सत्काराचा दोन तासांचा व्हिडिओ होता, तो वीस मिनिटांवर आणायचा होता. गृहस्थ स्नेहलच्या मागे खुर्ची टाकून बसले. तिने कीबोर्डवर हात ठेवले आणि भाषणं भराभर उडायला लागली. गृहस्थांना घाम फुटला.

"थांबा. हे कोण करतंय?"

"मी करतेय जी."

"तुम्ही नाही करत. पडद्यावर बाण हलत नाही, काही नाही. हे आपोआप होतंय." मग ते माझ्याकडे वळले. "अहो साहेब, मी आयुष्यभर बॉम्ब भरले. तिथे या मुलीच्या वेगाने हात चालवला असता तर माझ्या तसबिरीचा सत्कार करावा लागला असता. मला हे काम चालणार नाही."

स्नेहलचा चेहरा पडला. काका उठले. तिच्या ड्रॉवरमधून माऊस काढला, जोडला, तिच्या हातात दिला आणि कानाशी हळूच म्हणाले, "गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना मेनू उघडायचा. वाचायचा. मध्ये एकदा सुस्कारा सोडायचा."

पुढचे तीन तास स्नेहलने एकेक कट मेनूतून शोधून मारला. बरोबर जागी सुस्कारेही सोडले. जाताना गृहस्थांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता कसं. मेहनत दिसली."

ते जिना उतरल्यावर काका म्हणाले, "बघितलंस? चाळीस वर्षं मी हळू नव्हतो. मी विश्वासू होतो."

*

आणखी एक ऐका. याला तर मी स्वतः हजर होतो.

लग्नाच्या याद्या करायला मुलाकडचे काकांच्या घरी आले होते. मुलाचे वडील सज्जन, पण बोलायला लागले की स्वतःच्या पहिल्या नोकरीपासून सुरू करायचे. चहा झाला, पोहे झाले, गृहस्थ अजून पहिल्याच नोकरीत. काका ऐकत होते, हसत होते, मान डोलावत होते. पण त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याचं एक बोट सारखं आपटत होतं. एल. एल. एल.

मला हसू आवरेना म्हणून मी पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा पहिली नोकरी मध्येच थांबली होती. मुलाचे वडील काकांच्या हाताकडे बघत होते.

"बापटसाहेब, हा कंप कधीपासून आहे?"

काकूंचा चेहरा पांढरा. मुग्धा दाराशी उभी. आता खरं सांगावं तर 'तुमचं बोलणं पुढे पळवत होतो' असं सांगावं लागणार, तेही याद्यांच्या दिवशी.

काका म्हणाले, "झाले दोनेक महिने."

"काळजी करू नका. आमच्या घरचे वैद्य आहेत." आणि दुसऱ्या दिवशी गृहस्थ स्वतः काढा घेऊन हजर. कडूजहर. बाटली संपली की दुसरी. सून म्हणून जाणाऱ्या मुलीच्या बापाने काय करावं? काकांनी लग्नापर्यंत दोन्ही वेळा काढा घेतला. वर, मुलाच्या वडिलांचा फोन आला की सांगायचे, "हो हो, बराच उतार आहे."

*

आणि मग लग्नाचा दिवस.

कन्यादान आटोपलं, सप्तपदी झाली, आणि दुपारी दोन वाजता काका सोवळ्यातच कार्यालयाच्या कोठीच्या खोलीत शिरले. एका बाजूला तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला लाडवांची परात, मध्ये टेबलावर लॅपटॉप. साडेसातला फिल्म दाखवायची होती. स्नेहल कॅमेऱ्यांतून शॉट काढून देत होती, मी लाडवांपाशी होतो.

काकू दारातून डोकावल्या. "अहो, विहीणबाई पानावर बसल्यात. आग्रह कोण करणार?"

"तू कर. मी मुहूर्तावर आहे."

खोटं सांगत नाही, काकांची बोटं त्या दिवशी स्नेहलच्या तोडीस तोड चालली. तीन दिवसांचं काम साडेतीन तासांत. माऊस त्यांनी आणलाच नव्हता.

पाचच्या सुमाराला ते दोन घास खाऊन आले तेव्हा फिल्ममध्ये एक नवा शॉट होता. कन्यादानाचा. मुग्धाच्या हातावर पाणी सोडलं जातंय, आणि काकांचा चेहरा. हनुवटी हलतेय. कॅमेरावाल्याने तो धरून ठेवला होता.

"हे कोणी घातलं?"

"मी, काकाजी," स्नेहल म्हणाली.

"आपला नियम काय?"

काकांचा नियम आमच्याकडे सगळ्यांना पाठ होता. स्नेहल हळूच म्हणाली, "नवरीचा बाप दोन सेकंद."

"का?"

"बाप जास्त रडला की लोक जेवायला उठतात."

"मग हे किती आहेत?"

"अकरा."

काकांनी शॉट एकदा पाहिला. मागे नेला, पुन्हा पाहिला. मग परक्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "हा माणूस फार रेंगाळतोय." आणि शिफ्ट आणि ई एकदम दाबले. त्याने क्लिप पुसली जात नाही. ती जागेवर राहते, फक्त दिसेनाशी होते आणि तिच्याखाली ठेवलेली क्लिप दिसायला लागते. काकांच्या खाली मांडवातले पाहुणे होते. बाप गेला, पाहुणे आले. दोन सेकंदसुद्धा ठेवले नाहीत त्यांनी स्वतःला.

"रेंडर लाव," म्हणाले आणि कपडे बदलायला गेले.

दार लागलं. स्नेहलने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात लाडू होता, आणि तोंडात लाडू असताना माणसाने मत देऊ नये. तिने पुन्हा शिफ्ट आणि ई दाबले. पाहुणे गेले, बाप आला. मग रेंडर.

साडेसातला दिवे मंद झाले. फिल्म सुरू झाली. हळद, मुहूर्त, मंगलाष्टकं, हशा, टाळ्या. मग मुग्धाच्या हातावर पाणी, आणि काकांचा चेहरा. एक सेकंद. दोन. तिसऱ्याला काका खुर्चीत सरळ झाले. हॉलमध्ये पाचशे माणसं, चमच्याचा आवाज नाही. कुणी जेवायला उठलं नाही. सातव्या-आठव्या सेकंदाला मुग्धा स्टेजवरून खाली उतरली. फोटोग्राफर "मॅडम, अहो मॅडम" करत राहिला. ती शालू सावरत आली आणि काकांच्या शेजारी येऊन बसली.

अकरा सेकंद झाले. काकांनी मान वळवून मागे उभ्या असलेल्या स्नेहलकडे बघितलं आणि म्हणाले, "कट दोन फ्रेम उशिरा बसलाय."

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो. रकत खरे, काढा खरा, खडकीचे गृहस्थ खरे. ते अकरा सेकंदही मी मोजलेले आहेत. खोटं एवढं एकच, काकांचं ते शेवटचं वाक्य. ते माझं आहे. काका हॉल रिकामा होईपर्यंत काही बोललेच नाहीत.