हिरवट पाखरू

शेडकाकांचा अख्खा जन्म रंगाच्या दुकानात डबे ढवळण्यात गेला. भिंतीचा टवका आणून द्या, काका हुबेहूब तीच शेड मिसळून देणार. त्यावरून हे नाव पडलं, आणि नावाबरोबर थोडा तोराही चढला.

मागच्या अंगणात हळद्या पक्षी शिट्टी घालतो, हे आधी ऐकलं अक्कानं, त्यांच्या थोरल्या बहिणीनं. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली होती. तोंड उघडून कधी काही मागायची नाही. एकदाच म्हणाली, "त्याला डोळे भरून बघायचंय रे." काकांनी लगेच मनावर घेतलं. फांदीला खिळा ठोकून अर्धं संत्रं खोचलं, खाली पपईच्या फोडी मांडल्या.

आलं ते भलतंच पाखरू. हिरवट, छातीवर रेघोट्या. काकांनी सरळ त्याच्यावर पाण्याचा पाइप सोडला.

"हळद्या पिवळाधमक असतो. फुकट खाणाऱ्यांना इथे जागा नाही!"

अक्का दारातून म्हणाली, "अरे, चोच तरी बघ, गुलाबी आहे. त्याची मादी असेल."

"आता रंगातलं तू मला शिकव! आणि दारात उभी राहू नकोस, पक्षी बुजतात."

अक्का आत गेली, ती पुन्हा दारात आली नाही. हिरवं पाखरू मात्र रोज यायचं आणि रोज भिजून जायचं.

एके सकाळी टाकीत पाणी नव्हतं, म्हणून पाखरू निवांत खात बसलं. थोड्या वेळानं खुद्द हळद्याच आला. पिवळाजर्द, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा. त्या हिरव्या पाखराशेजारी बसून तेच संत्रं टोचू लागला. दोघांची चोच अगदी एका डब्यातली.

काकांची कानशिलं तापली. रंग चुकला याची लाज होतीच, पण 'फुकट खाणारे' हा शब्द त्या दिवशी अक्कानंही ऐकला होता, हे त्यांना आत्ता कुठे उमगलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते दबकत आत गेले. अक्का शेंगा सोलत होती.

"अक्का, चल लवकर. आलाय तो. ती त्याचीच आहे, तुझंच खरं."

अक्काचा चेहरा खुलला, पण ती उठली नाही. "नको रे. मी आले की बुजतील तुझे पक्षी."

टोमणा असता तर काकांना परवडलं असतं. पण ती मनापासून बोलली होती.