बोरगावच्या वखारीतलं विमान

सुविधा कांबळे बेळगावच्या एका दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करते. हृदयाचे ठोके कागदावर काढणारं यंत्र असो की सलाइन मोजून सोडणारा पंप, काही बंद पडलं की तिथल्या नर्सा आधी देवाचं नाव घेतात आणि लगेच सुविधाचं. चाळिशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं. पण पेचकस हातात घेतला की तिचा चेहरा असा शांत होतो, जसं कुणी झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून हात फिरवतंय.

या बाईला एकच हौस होती. घरात व्हिडिओ गेमचं जुनं मशीन हवं होतं, माणसाच्या उंचीचं, लाकडी, पोटात टीव्ही असलेलं, कॉइन टाकलं की चालणारं. आणि तेही कुठलंही नाही. निपाणीच्या भरमा अण्णांच्या दुकानातलं, विमानाचं.

तिचा नवरा दीपंकर शाळामास्तर. तो म्हणाला, "आण की. पण चालू असलं तर आण. बंद कपाट आपल्याकडं एक हाय, त्याचं दारच उघडत न्हाय."

तीस-पस्तीस वर्षांमागे सुविधाची आई सोनुबाई निपाणीत बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, बोटांत दोरा. वळलेल्या बिड्या पाटीत घालून ती ठेकेदाराच्या दुकानी न्यायची आणि छाट संपेपर्यंत पायरीवर बसून राहायची. छाट म्हणजे ठेकेदारानं बिड्या निवडायच्या, मनास येईल ती नापास करून बाजूला फेकायची. सोनुबाईचे डोळे त्याच्या हातावरून हलत नसत. सात-आठ वर्षांची सुविधा शेजारी उभी राहून कंटाळायची. आणि शेजारच्याच गाळ्यातून, मळक्या पडद्याआडून, विमानांचा घरघराट यायचा.

एकदा तिनं पडद्यात डोकं घातलं. आतली पोरं ओरडली, "ए, पोरींचं काम न्हाय हे!"

भरमा अण्णा खुर्चीतून उठले. "का रं? चालवणारा पोरगा हाय का पोरगी, ते विमानाला कळतंय व्हय?"

त्यांनी तंबाखूचं रिकामं खोकं आणून तिच्या पायाखाली पालथं घातलं आणि खिशातला, नाण्याऐवजी चालणारा पितळी बिल्ला मशीनच्या फटीत टाकला. खण्ण झालं. विमान उडालं. मशीनच्या त्या पडद्यापुढं तिला कुणी गल्ली विचारली नाही की आडनाव विचारलं नाही. हात डावीकडं गेला की विमान डावीकडं, उजवीकडं गेला की उजवीकडं. एवढा सरळ हिशोब तिनं तोवर कुठं पाहिला नव्हता.

त्यानंतर छाटीच्या दर दिवशी एक बिल्ला तिच्या नावाचा असायचा. अण्णा पायरीवर येऊन म्हणायचे, "सोनाक्का, तुम्हीबी बघा की एकदा. लेक कशी चालवतीया!" सोनुबाई मान न वळवता म्हणायची, "न्हाय अण्णा, माझी छाट चाललीया."

पुढं घरोघरी खेळ आले आणि अण्णांचं दुकान मिटलं. ते आपल्या गावी, बोरगावला गेले. दुकानातलं दुसरं मशीन मोडीत गेलं, पण विमानाचं त्यांनी वखारीत ठेवलं. हे सुविधाला यंदा कळलं, आणि त्याबरोबर हेही कळलं की कोल्हापूरच्या एका हॉटेलवाल्यानं ते मागितलंय. आतलं सगळं उपसून टाकून त्याला त्याचं बाटल्यांचं कपाट करायचं होतं.

रविवारी सकाळी ती आईला घेऊन बोरगावला पोचली. मागनं भाड्याचा टेम्पो होता, रिकामा.

अण्णा ओसरीवर बसले होते. वय झालेलं, पण मिशी अजून ताठ. लहानपणी दुकानात खेळायला यायचे, असं सुविधानं सांगितल्यावर त्यांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. "लई पोरं यायची, बाई. कुठली कुठली ध्यानात ठेवू?"

"पोरगी एकच यायची, अण्णा. पायाखाली खोकं घेऊन."

अण्णांची नजर तिच्या पायांकडं गेली, तिथून मागं उभ्या असलेल्या सोनुबाईकडं. "छाटीच्या सोनाक्काची सुवी! अगं, खोक्याशिवाय ओळखायचं कसं तुला?"

चहा झाला. सुविधानं मशीन मागितलं, तसे अण्णा गंभीर झाले. "ऐक. हॉटेलवाला चारला येतोय. मी त्याला सांगून बसलोय, चालू झालं तर दुसरं कुणी न्हील, मेलेलं असलं तर तुझं कपाट. मला इचारशील तर मेलंय ते. पण चार वाजेपर्यंत तुझं."

वखारीचं दार उघडलं तसा तंबाखूचा वास अंगावर आला. कोपऱ्यात गोणपाटाखाली मशीन उभं होतं. सुविधानं गोणपाट ओढलं. काचेवरचं विमान फिकट झालं होतं, पण नाक अजून वरच होतं. तिनं मागची फळी काढली आणि भसकन तंबाखूचा भुगा तिच्या पायांवर सांडला. टाचेपासून गुडघ्यापर्यंत.

"उंदीर शिवू नयेत म्हणून मीच भरला," अण्णा अभिमानानं म्हणाले, आणि तिघंही शिंकायला लागली. सोनुबाई पदरात नाक धरून म्हणाली, "एवढ्या जर्द्यात माझ्या म्हैनाभराच्या बिड्या झाल्या असत्या की!"

पण अण्णांचं खरं होतं. एकही वायर कुरतडलेली नव्हती, लाकडाला वाळवी नव्हती. सुविधानं रंगाऱ्याचा मऊ ब्रश काढला आणि एकेक फट झाडायला घेतली. घाई केली नाही. टीव्हीच्या काचनळीत वीज दबा धरून बसते, ती तिनं आधी रीतसर उतरवली. एक फ्यूज गेला होता, तो बदलला. दोन जोड सुटले होते, ते डाग देऊन जुळवले. दुपारचं जेवण अण्णांच्या घरून ताटात आलं. तिनं उभ्यानंच चार घास खाल्ले.

तीन वाजून गेल्यावर तिनं बटण दाबलं. आधी काळोख. मग पडद्याच्या मधोमध काजव्याएवढा उजेड, तो पसरत गेला, आणि निळ्या आभाळात विमानांची रांग उतरली.

"आगं आई गं!" अण्णा मटकन पोत्यावर बसले. त्यांनी खिशातून एक पितळी बिल्ला काढला. सकाळपासून तो त्यांच्या खिशातच होता. "टाक."

सुविधानं बिल्ला फटीत सोडला. खण्ण झालं नाही. बिल्ला कुठंतरी मऊशात रुतल्यासारखा गेला आणि गप्प झाला. विमानं आपली रांगेत फिरत राहिली. तिनं दांडा हलवला, काही नाही.

"बघ," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "डोळं उघडलं, पण जीव न्हाय. ऱ्हाऊ दे, बाई. तू लई केलंस."

बाहेर टेम्पोवाल्यानं उगीच हॉर्न वाजवला. सुविधा मशीनकडं वळली. दवाखान्यात अशा वेळी ती यंत्राला प्रश्न विचारते, माणसाला नाही. पडदा ठीक, आतली सर्किटची पट्टी ठीक, मग अडलंय कुठं? तिनं फटीखालचं छोटं दार उघडलं, बिल्ला घरंगळत जायची आतली पन्हळ सोडवली आणि हातावर उलटी केली.

तांदूळ पडले. हळदीनं पिवळे झालेले, मूठभर, अजून थोडे, मग झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि सगळ्यात शेवटी तो बिल्ला.

अण्णांच्या मिशीचं एक टोक हललं. "दर खंडेनवमीला पूजा करत होतो," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "लोकं इळा-खुरपं पुजत्यात, ट्रॅक्टर पुजत्यात. माझं हत्यार हेच की. ह्यानंच माझं घर चालवलं. अक्षता टाकायच्या कुठं? तोंड तेच दिसलं त्याचं. घास भरवल्यागत टाकल्या. बिल्ला कधी टाकूनच बघितला न्हाय. दुकान न्हाय, तर खेळायचं कुणी?"

"म्हंजे तुम्हीच जेवू घालून घालून त्याचा घसा भरलासा!" सोनुबाई म्हणाली, आणि आधी तिला, मग अण्णांना, मग सुविधाला असं हसू फुटलं की परत शिंका सुरू झाल्या.

सुविधाच्या मनात एक गोष्ट सावकाश उतरली. इतके तांदूळ पोटात असून उंदीर आला नाही, तो त्या भुग्यामुळं. एका हातानं माणसानं वाट अडवली होती आणि दुसऱ्या हातानं राखण केली होती, आणि दोन्ही हात मायेचेच होते. तिनं ते तांदूळ टाकले नाहीत. अण्णांनी पुढं केलेल्या उपरण्यात ओतले.

पन्हळ पुसून बसवली. तिनं बिल्ला अण्णांपुढं धरला. अण्णांनी मान हलवली. "ज्यानं कधी बघितलं न्हाय, त्यानं आधी."

सुविधानं आईचा हात धरून तिला मशीनपुढं आणलं. सोनुबाई आता वाकली होती, दांडा छातीशी येत होता. कोपऱ्यात एक खोकं होतं. अण्णांनी ते पायानं सरकवलं. सोनुबाई आधार घेत खोक्यावर चढली. सुविधानं बिल्ला टाकला.

खण्ण.

बिड्या वळून निबर झालेली बोटं दांड्यावर बसली. विमान डावीकडं गेलं. उजवीकडं गेलं. मग समोरून चार विमानं आली आणि पडदा लाल झाला.

"मेली व्हय मी?"

"मेलीस," सुविधा म्हणाली.

"आणि ह्यात छाट काढणारा कोण?"

"कुणीच न्हाय, आई."

सोनुबाईनं दांडा सोडला नाही. "मग आणिक एक टाक की गं, बघत काय बसलीस?"

चारला हॉटेलवाला आला, तेव्हा अण्णा त्याला ओसरीवरच म्हणाले, "कपाट गेलं बाबा. जिवंत निघालं." टेम्पो भरून बेळगावला गेला. दीपंकरनं दारातच दोन शिंका दिल्या आणि भिंतीतला प्लग मोकळा करून दिला.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी अण्णांचा फोन आला. "पूजा केलीस का गं?"

"आमच्यात तसलं न्हाय, अण्णा. पण पुसून लख्ख केलंय. आणि तुमच्या नावानं एक झेंडू ठेवणार हाय."



"वर ठेव," अण्णा म्हणाले. "फटीत न्हाय."