निळ्या झाकणाचा डबा

डबाकाकूंच्या घरात एकही डबा खरं बोलत नसे. आइस्क्रीमच्या डब्यात कोथिंबीर, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, लोण्याच्या डबीत देवापुढच्या वाती. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात मी नवी होते तेव्हा त्यांच्या ओट्यावर बेल्जियन चॉकलेटचा देखणा डबा दिसला. मी हावरटासारखा हात घातला, तर आत सुके सोडे! किंचाळलेच मी. काकू शांतपणे भाकरी थापत म्हणाल्या, "आधी उघडून बघावं गो. झाकणावर काय जायचं?" इथल्या मराठी मंडळींना हे वाक्य पाठ होतं. दह्याची रिकामी बादलीसुद्धा काकूंनी कधी फेकली नाही. मला आयुष्यात जेवढे धक्के बसले, त्यांतले निम्मे तरी या बाईंच्या स्वयंपाकघरातले आहेत.

काकांचा मात्र जीव धबधब्यांत अडकलेला. मूळचे आंबोलीचे, आणि नोकरीचं सगळं आयुष्य गेलं या चटईसारख्या सपाट देशात. इथे पाणी सगळीकडे, पण पडत कुठूनच नाही, अशी त्यांची कायमची तक्रार. कुठूनतरी त्यांना सॅमोथ्राकी नावाचं ग्रीक बेट सापडलं होतं. मधोमध डोंगर, आणि त्यावरून एका डोहातून दुसऱ्या डोहात उड्या टाकत समुद्राकडे जाणारे ओढे. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तो व्हिडिओ दाखवत आणि म्हणत, रिटायर झालो की पहिला तिथे जाऊन पाण्याखाली उभा राहणार. काकू म्हणायच्या, आधी त्या हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, गुडघे दाखवून या.

रिटायर व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात काका गेले. चहाचा कप हातात, आणि बसल्या जागी गेले. मला कितीतरी दिवस ते खरंच वाटेना.

रक्षा मिळाली तेव्हा थोडी त्यांच्या भावाने गावी नेली, थोडी काकूंनी मागे ठेवली. एका संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "ह्यांना धबधब्याखाली उभं करायचंय. येतेस?" मी धक्क्यातच हो म्हणून बसले.

त्यांची लेक इरा मास्ट्रिख्टला शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर कायम इंग्रजीत. ती भडकलीच. बाबा म्हणजे काय सामान आहे का असे न्यायला, म्हणाली, आणि यायचं नाकारलं. मात्र झाडांना पाणी घालायला बेस्टच्या घरी येऊन राहिली. काकूंना ते फार लागलं होतं. बापाला निरोप द्यायला पोटची पोर हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. तरी निघताना तिला सांगून आल्याच, उपाशी राहू नकोस, निळ्या झाकणाच्या डब्यात भाजणी आहे, कांदा घालून थालीपीठ लाव.

विमानतळावर तपासणीत आमची बॅग बाजूला काढली. अधिकाऱ्याने निळ्या झाकणाची दह्याची बादली वर उचलली. काकूंनी दहनाचा कागद पुढे केला आणि त्यांच्या मोडक्या डचमध्ये म्हणाल्या, "माझे यजमान." तो उंच गडी एकदम गंभीर झाला. त्याने झाकणाला हातही लावला नाही. मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी डबा परत दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग बस, मग बोट, मग चिनारांच्या सावलीतली पायवाट. जिथे तिथे शेळ्या, आणि त्या आम्हाला वाट द्यायला तयार नाहीत. काकू गुडघे धरत धरत चढत होत्या आणि डबा माझ्या हाती देत नव्हत्या. शेवटी धबधबा दिसला. काळ्या कातळावरून सरळ पाणी, खाली हिरवा डोह. काकूंनी पाय पाण्यात सोडले, घरच्या कुंडीतली तुळस शेजारी ठेवली, हात जोडले आणि झाकण काढलं.

धण्याजिऱ्याचा खमंग वास आला.

तो बिचारा अधिकारी भाजणीपुढे मान तुकवून गेला होता! मला हसू आलं आणि लगेच विरलं. आयुष्यभर दुसऱ्यांना चकित करणारी ही बाई पांढरीफटक पडली होती. त्यांनी बोटाने पीठ चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. "अगो, मग हे कुठे आहेत?"

दोघींना एकाच वेळी आठवलं. निळं झाकण. कांदा घालून.

तिथे फोनला रेंज नव्हती. त्या उतारावर काकूंचे गुडघे कुठे गेले कोण जाणे, मलाच त्यांना गाठता येईना. एका शेळीला तर त्यांनी चक्क ढकललं. मी मनातल्या मनात देवाला सांगत होते की पोरीला भूक लागू देऊ नकोस, बाहेरून पिझ्झा मागवू दे. डांबरी रस्ता लागला तेव्हा कुठे फोन लागला. काकूंनी तो स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला, म्हणून मीच विचारलं, इरा, थालीपीठ केलंस का गं?

त्या मुलीने, जी जन्मात मराठी बोलत नाही, सावकाश सांगितलं, "आई, मी आधी उघडून बघितलं. बाबा इथेच आहेत."

काकू रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या आणि मोठ्याने रडल्या. काका गेल्यावर त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. इरा सकाळपासून फोन लावत होती. कांदा चिरलेला तसाच टाकून, डबा टेबलावर समोर ठेवून बसून राहिली होती. मी घेऊन येते त्यांना, म्हणाली, तेही मराठीतच.

ती येईपर्यंत काकूंनी आम्ही उतरलो होतो त्या खानावळीच्या बाईकडून तवा मागून घेतला. इरा बोटीतून उतरली ती डबा पोटाशी धरून. काकूंनी तिला आधी थालीपीठ खायला घातलं, मगच वर नेलं. धबधब्यापाशी पोरीने डबा घेतला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी सरळ धारेखाली जाऊन उभी राहिली. पाणी बर्फासारखं गार होतं. झाकण तिनेच काढलं.

"राहिले बाई एकदाचे उभे," काकू म्हणाल्या. आणि मग डोहात तो डबा विसळून, पदराने पुसून, पिशवीत टाकला. मी डोळे विस्फारून बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, चांगला डबा आहे.

या वसंतात काकू घर आवरून आंबोलीला कायमच्या गेल्या. जायच्या दिवशी सकाळी दारात आल्या आणि निळ्या झाकणाची ती बादली माझ्या हातात दिली. जड होती. कोणती बादली ही, आत काय आहे, हे विचारायचंही धाडस होईना. काकू मिस्किल हसल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि काहीही न सांगता टॅक्सीत बसल्या.

मी तशीच दारात उभी राहिले. टॅक्सी कोपऱ्यावर वळल्यावर झाकण उघडलं. भाजणी होती, ताजी, नुकतीच दळलेली. जाणारी माणसं आपल्याला खायला घालून जातात, हे मला तेव्हा कळलं आणि मी तिथेच ढसाढसा रडले. मग आत येऊन कांदा चिरायला घेतला.