एक रिंग म्हणजे सगळं ठीक

अन्याय माझ्या आत्यावर आणि काकांवर झाला. गेल्या जानेवारीत, तिसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला.

रिटायर झाल्यावर दोघं स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधल्या एका दरीत राहायला गेले. तिथे मोबाइलला रेंज नाही. टेलिफोन कंपनीने जुनी लँडलाइन काढून ब्रॉडबँडवरचा फोन दिला. वीज गेली की तो मुका. म्हणून सॅटेलाइट फोन घ्यायचं ठरलं. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात पत्रकं लिहिणारी, भांडणारी मीच.

एडिनबराच्या फ्लॅटमध्ये बसून आठवडाभर पॅकेजेस चाळली. डेटाचं वेगळं, बोलण्याचं वेगळं, नुसते मेसेज पाठवणारं छोटं यंत्र वेगळं. ते यंत्र बरं होतं खरं. पण आत्या म्हणाली, "बोटं गारठलेली असताना टाइप कोण करणार ग? मला माणसाचा आवाज हवा."

मग मिनिटावर पैसे कापणारा प्लॅन घेतला. विकणाऱ्याने पोस्टकोड विचारला, हिरवा नकाशा दाखवला. त्यांचा उपग्रह दक्षिणेला, आकाशात अगदी खाली असतो, आणि आत्याच्या दारासमोर दक्षिणेलाच डोंगर आहे; उपग्रह त्याच्या आड. त्याने डोंगराचं विचारलं नाही. मीही नाही.

मिनिटं महाग, म्हणून आत्याने घरची जुनी सवय बाहेर काढली. "मी मिस्ड कॉल देईन. एक रिंग आली की समज, सगळं ठीक."

"आत्या, कोथरूड सोडून तुला चाळीस वर्षं झाली!"

"म्हणून काय उधळपट्टी करू?"

त्या मंगळवारी बर्फाने वीज गेली होती. मी एडिनबरात आमच्या मोहिमेच्या स्टॉलवर पत्रकं वाटत होते. एक रिंग आली आणि तुटली. चला, ठीक आहेत म्हणून मी फोन खिशात टाकला.

काका अंगणात पडले होते, खुबा मोडून. अँब्युलन्ससाठी ९९९ लागेना, म्हणून आत्याने मला लावला. तोही तुटला, पुन्हा लागलाच नाही. शेवटी त्यांच्यावर रजया टाकून ती बर्फातून शेजारच्या फार्मवर चालत गेली. काका तीन तास बाहेर होते. अजून वॉकरशिवाय उभे राहत नाहीत.

आत्या मला एवढंच म्हणाली, "तू कामात असशील ग." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सॅटेलाइट फोनवाल्यांना तक्रारी लिहून लिहून मी दमलेय. उत्तर दर वेळी तेच: आपल्या पोस्टकोडला कव्हरेज आहे. पोस्टकोड अंगणात पडत नाही हो.

तुम्ही आज तुमच्या खासदाराला लिहा: टेलिफोन कंपनीच्या माणसाने त्या घराच्या दारात उभं राहून, वीज बंद करून, फोन लावून दाखवल्याशिवाय कुणाचीही लँडलाइन काढू देऊ नका.